बारा ग्लासांचा संच

जोडे काढायच्या जागेवर मला उभं केलं होतं. एका बाजूला तालुकदारसाहेबांचे जरीचे जोडे, दुसऱ्या बाजूला सरकारच्या वहाणा, मधी मी. तिकडं पाय नसलेले जोडे, इकडं जोडे नसलेले पाय. भर दुपार. नाताळातली मेजवानी. बंगल्याच्या व्हरांड्यात लांब टेबल, टेबलाशी छावणीतला गोरा साहेब, निजामाचे तालुकदार, आणखी दोन पाहुणे, आणि टोकाला आमचे जहागीरदार, म्हणजे सरकार. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं.

माझ्यापुढं पायरीवर करवंटी होती. माझीच. अकरा वर्षं वापरून आतून काळी गुळगुळीत झालेली. तिच्यात वरून, हातभर उंचीवरून, खानसाम्यानं तांबडी दारू ओतली. शिंतोडे माझ्या पायावर उडाले.

"पी," सरकार म्हणाले. "सगळ्यांसमोर पी. आन सांग, काय मिसळलंस हिच्यात."

कारभारी दाजीपंत मागून म्हणाले, "त्याला पी म्हणून सांगावं लागतं व्हय? निम्मी तर आधीच पिऊन बसलाय. वरून नहरीचं पाणी भरलंय."

टेबलावर हशा.

त्या दारूचा एक थेंबसुद्धा मी अकरा वर्षांत गिळला नव्हता. हे तिथं दोघांनाच ठाऊक. एक मी. दुसरे खानसामा रहीमचाचा. आणि ते सुरई हातात धरून भिंतीकडं बघत होते.

हे नीट कळायचं तर थोडं मागं जावं लागंल. घरातली पोरं म्हणतात, बाबा गोष्ट सांगायला लागले की आधी आजोबाला जिता करतात. करतो. त्याच्याबिगर ही गोष्ट उभीच राहत नाही.

आम्ही औरंगाबादेच्या छावणीच्या कडेच्या महारवाड्यातले. बाप गोऱ्यांच्या मेसमध्ये कामाला होता. गोऱ्याला जातीचं सोयरसुतक नव्हतं, त्याला गोरेपणाचं होतं, त्यामुळं बापाला ताटंही धरता आली आणि बाटल्याही. त्या मेसमधल्या एका म्हाताऱ्या बटलरनं बापाला फ्रान्सची तांबडी शिकवली. बापानं मला. बाप म्हणायचा, तांबडी दारू म्हंजी म्हातारं माणूस. तिला हलवू नगं, उन्हात नेऊ नगं, घाईघाईनं बोलती करू नगं. ती आडवी निजलेली बरी, बूच ओलं राहतं. वर्षानुवर्षं निजली की अंगात गाळ धरती. मग पाजायच्या आधी तीन दिवस उभी करायची, गाळ बुडाशी जाऊ द्यायचा. बूच हळू काढायचं. बाटलीच्या मानेमागं मेणबत्ती धरायची आणि धार सुरईत सोडायची, एकसारखी, न थांबता. काळा दोरा मानेशी दिसला की हात आवरायचा. राहिलेलं ओतून द्यायचं.

आणि चाखणं. घोट तोंडात, थोडा वारा आत ओढायचा, जिभेवरून, गालांतून, घशाच्या दारापर्यंत न्यायची आणि थुंकायची.

"गिळणारा तिसऱ्या बाटलीला आंधळा व्हतो," बाप म्हणायचा. "थुकणारा टिकतो."

पलटण कमी झाली, बाप गेला, आणि विलायतेला परतणाऱ्या कुण्या साहेबाच्या साताठ पेट्या दारू आमच्या जहागीरदारांनी घेतली. फुलंब्रीकडं त्यांची गावं. शहरात हवेली, हवेलीच्या बागेत साहेब लोकांसाठी वेगळा बंगला, बंगल्याखाली तळघर. तळघराच्या भिंतीमागून नहरीचं पाणी वाहायचं, त्यामुळं चैतातही आत गारवा. दारूला जागा उत्तम. फक्त त्यातली कोणती जिती, कोणती मेलेली, हे सांगणारं कुणी नव्हतं. मेसमधल्या महाराचं पोरगं जाणतं म्हणून कुणीतरी बोललं. मी गेलो. मला वाटलं होतं, माणूस ठेवतायत. त्यांनी जीभ ठेवली होती. तिच्याबरोबर उरलेला मी नाइलाजानं यायचो, तबेल्याकडच्या मागल्या दारानं.

रीत अशी होती. बंद बाटली मी उचलावी, निजवावी, उभी करावी, फिरवावी. त्याला हरकत नव्हती. मेजवानीच्या दिवशी ती दाराबाहेरच्या दगडावर ठेवायची आणि सात पावलं मागं सरायचं. मग गडी यायचा, तुळशीच्या पानानं चार थेंब तिच्यावर शिंपडायचा, आणि रहीमचाचा तान्ह्या लेकरागत ती उचलून न्यायचे. आता हे बघा. द्राक्षं फ्रान्सात, तिथल्या गोऱ्यांनी पायांनी तुडवलेली. बाटली आणली कुण्या खलाशानं. ओतणारा मुसलमान खानसामा. पिणाऱ्यांत गोरा साहेब. त्या कशाचा विटाळ नाही. बंद काचेवरून माझं बोट फिरलं, त्याला तुळस. मेजवानी झाली की सरकार अंघोळ करून हवेलीत जायचे, तो भाग वेगळा.

बाटली उघडल्यावर रहीमचाचा खिडकीतून हात बाहेर काढून दोन घोट वरूनच माझ्या करवंटीत सोडायचे. मी चाखायचो, थुंकायचो, सांगायचो. "जिती हाय." "थकलीय, औंदा संपवा." "सिरका झालीय, लोणच्याला द्या." चाचा जाऊन सरकारच्या कानाला लागायचे. आणि सरकार टेबलावर ग्लास नाकाशी नेऊन, डोळे मिटून म्हणायचे, "ही जरा थकलीय. हिला औंदाच संपवली पाहिजे."

वाहवा व्हायची. मी तबेल्याशी उभा राहून माझं कौतुक ऐकायचो. शेजारी घोडं मान हलवायचं. तेवढा एक जाणकार मला लाभला होता.

एकदा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मी सरकारला विनवलं होतं. म्हटलं, मायबाप, एक काच द्या. फुटकी असली तरी चालंल. तरणी दारू जांभळी असती, म्हातारी काठाला विटकरी होती. करवंटीत समदं काळंच दिसतं.

सरकार हसले. "तुझ्या जिभेला डोळे कशाला रे?"

मीही हसलो. हे लिहायला लाज वाटते, पण हसलो. घरी येऊन बायकोलाही सांगितलं, सरकार लई मजेशीर बोलतात म्हणून. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा थापायला लागली. दारू थुंकत होतो आणि असं सगळं गिळत होतो. बापानं शिकवलेलं उलटं पाळत होतो, हे कळायला आणखी सात वर्षं लागली. जीभ तल्लख, अक्कल मंद.

अकराव्या वर्षी, त्या मेजवानीच्या आधीच्या दिवाळीला, जुने कारभारी गेले आणि पैठणचे दाजीपंत आले. माणूस वाईट नव्हता असं म्हणतात. म्हणू दे. त्यांना तुळशीचे चार थेंब पुरेनात.

नाताळातल्या मेजवानीसाठी सरकारनी तळघरातली सगळ्यात जुनी बाटली सांगितली होती. नवा साहेब यायचा होता, आणि त्याच्याजवळ त्यांनी त्या बाटलीची आधीच बढाई मारून ठेवली होती. वरचा कागद कसरीनं खाल्लेला, काच जाड, बुडाशी बोटभर गाळ. मी तिला तीन दिवस उभी ठेवली. तिच्या बाजूनं चालतानासुद्धा पाय हळू टाकत होतो. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही हातांनी बाहेर आणली, दगडावर ठेवली, सात पावलं मागं सरलो.

गडी तुळस घेऊन आला. दाजीपंतांनी त्याला अडवलं.

"शिंपडून काय व्हतं? घासल्याबिगर भांडं शुद्ध होत नसतं."

बादली आणवली. राख आणवली. नारळाची शेंडी आणवली. गड्यानं ती बाटली मानेला धरून बादलीत बुचकळली आणि राखेनं घासायला घेतली. वरून, खालून, फिरवून फिरवून. पितळी तांब्या घासतात तशी.

मी सात पावलांवरून ओरडलो, "पंत, हलवू नगा! गाळ उठंल! तीन दिस हुबी केलीय तिला!"

दाजीपंतांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आता शुद्धाशुद्ध आम्ही तुझ्याकडून शिकायचं का?"

मग धुतलेलं भांडं वाळत घालतात तशी ती बाटली त्यांनी कठड्यावर पालथी घातली. उन्हात.

मी उभा होतो. सात पावलं. कधी वाटलं नव्हतं सात पावलं एवढी लांब असतात.

खिडकीशी जाऊन मी रहीमचाचांना हळूच म्हटलं, "चाचा, आज ही नगा काढू. दुसरी काढा. मी बघून देतो."

चाचांनी सगळं बघितलं होतं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे हौले, सरकारने साहब के सामने इसीच बोतल का नाम ले लिया. अब कां से बदलूँ?"

"मंग सरकारला तरी सांगा."

"मेरी नौकरी नक्को खा रे मियां."

त्या दिवशी मला चाखायलाही दिली नाही. दाजीपंत म्हणाले, उष्टं होतं. अकरा वर्षं झालं नव्हतं, त्या दिवशी झालं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दारू ग्लासात पडली ती गढूळ. साहेबानं ग्लास उजेडाला धरला आणि आपल्या हिंदुस्थानीत म्हणाला, "राजासाब, ये शराब है के बरसात का नाला?"

तालुकदार हसले, म्हणून बाकीचे हसले. सरकारचा चेहरा उतरला. दाजीपंतांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. महारानं प्यायली. पाणी घातलं. चोर.

आणि मी जोड्यांत उभा.

मी करवंटी उचलली. घोट तोंडात घेतला. आधी गाळ लागला, कडू, राखुंडी दातांत जावी तसा. मग गाळाच्या खालून ती आली. काय सांगू तुम्हाला. वाळलेलं अंजीर. जुन्या मोटेचं ओलं चामडं. तंबाखूचं पान घडी मोडताना येतो तो वास. आणि अगदी शेवटी, कधीच कुणी केली नसंल एवढ्या हळू, गुलाबाची सुकी पाकळी. अकरा वर्षांत तसली दारू माझ्या जिभेवर आली नव्हती. आणि ती मला जोड्यांच्या जागेवर, चोर म्हणून भेटत होती.

मी बाजूला मातीत थुंकलो. म्हणालो, "सरकार, दारू लई चांगली हाय. हिच्याइतकी चांगली तळघरात दुसरी नाय. पाणी नाय घातलेलं. बाटली घासली, पालथी घातली, म्हणून गाळ उठला."

"म्हणजी चूक पंतांची?" सरकारनी विचारलं.

"चूक कुणाची ते मी म्हणत नाय, मायबाप. मला काचेत द्या. उन्हाला धरून दावतो. पाणी घातलेली दारू फिकी पडती, गढूळ नाय होत. घटकाभर ठिवा, गाळ खाली बसाया लागंल. समद्यांना दिसंल."

एवढंच मागितलं. जमीन नाही, इनाम नाही. घटकाभर एक ग्लास. माझं नाव त्यात निवळणार होतं.

साहेबाला गंमत वाटली असावी. त्यानं आपला ग्लास टेबलावरून माझ्या दिशेनं पुढं केला. "दे दो उसको."

सरकार हसत, अगदी अदबीनं म्हणाले, "नहीं साब. फिर वो गिलास फोड़ना पड़ेगा. बारा का सेट है."

तालुकदार हसले. मग सगळे हसले. साहेबानं ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. रागानं नाही. पुढं केलेलं मीठ कुणी नको म्हटलं की आपण मागं घेतो, तसा.

बारांचा संच. मी अकरा वर्षं ह्या घराची जीभ होतो. माझ्या जिभेवर त्यांची शान चालली होती. आणि एका बाजूला मी, एका बाजूला बारांतला एक ग्लास, असा तराजू त्यांनी सगळ्यांसमोर धरला. धरायला वेळसुद्धा लागला नाही. त्यांना तो आधीपासून ठाऊक होता. मलाच नव्हता.

"आता ती करवंटी संपव," सरकार म्हणाले. "आख्खी. गाळासकट. चोराला तेवढी शिक्षा बास."

बापाचा आवाज कानात आला असं लिहिलं तर छान दिसंल. पण तसलं काही झालं नाही. मला फक्त लई थकवा आला. अकरा वर्षांचा, एकदम. पाय, पाठ, मान, सगळं. वाटलं, आता हे हसणं पुरे. माझं.

मी करवंटी पायरीवर पालथी घातली. दाजीपंतांनी बाटली घातली होती तशी. तांबडी दारू दोन पायऱ्या उतरून सरकारच्या वहाणांपर्यंत गेली.

"काच नाय, तर निवाडा नाय," मी म्हणालो.

जोहार घातला नाही. उलट्या पावली मागं सरलो नाही. पाठ फिरवली आणि चालायला लागलो. पाठीवर गड्याची काठी पडली, फाटकापर्यंत पडत राहिली. गडी बिचारा माझ्यापेक्षा जास्त धापा टाकत होता.

तुम्हाला वाटंल, मग मोठं काही झालं. काही झालं नाही. संध्याकाळी रहीमचाचा महारवाड्याच्या तोंडाशी आले, हातात झाकलेलं पातेलं. म्हणाले, "मेरे बी बालबच्चे हैं रे." माफ केलं का म्हणाल, तर ठाऊक नाही. पुलाव मात्र खाल्ला. भूक लागली होती.

बायकोनं पाठीला हळद लावली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अकरा वर्सं थुकलात. आन ज्या दिशी थुकायचं, त्या दिशी निस्ती पालथी घातली व्हय?"



शहरात माझं नाव झालं. दारूत पाणी घालणारा. छावणीच्या मेसमध्येही ते पोचलं, बापाच्या मेसमध्ये, आणि तिथलं दारही मिटलं. गल्लीतले पिणारे वरून मला वेडा म्हणत, "प्यालाच व्हतास तर आमाला बी आणायची." शेवटी बिऱ्हाड उचललं आणि लासूर स्टेशनाला आलो. इथं रुईच्या गाठी गाड्यांत चढवतो. पाच वर्षं होत आली. गाठीला जात कळत नाही, फक्त कंबर कळते.

गेल्या महिन्यात दुपारच्या गाडीतून दाजीपंत उतरले. टॉवेलात गुंडाळलेली बाटली छातीशी धरून. औरंगाबादेहून इथवर गाडीनं तिला किती धक्के दिले असतील, ते मी मोजायला लागलो. सवय.

"बरा हायेस ना?" ते म्हणाले. "सरकारनी आठवण काढलीय. दोन बाटल्या उघडल्या, दोन्ही सिरका. नवे साहेब यायचेत. कोणती काढावी, कुणालाच कळंना. तू चल. नाहीतर निदान ही एक तरी बघून सांग."

मी म्हटलं, "चोराला बोलावता?"

"ते सोड आता. सरकारला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं." दाजीपंत अगदी सहज बोलले, हवापाण्याचं बोलावं तसं. "सुरईत उरली होती ती सकाळी बघितली तर गाळ खाली बसलेला. वर माणकावानी. रहीमनं दाखवली सरकारला."

फलाटावर मी खाली बसलो. गाठीला टेकून.

"दुसऱ्याच दिशी?"

"व्हय."

"मंग कुणाला सांगितलं का नाय?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. "कुणाला सांगायचं? झालं ते झालं."

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक ग्लास काढला. जाड काचेचा, नवा कोरा, गुलमंडीच्या बाजारातून घेतलेला. बुडाला तांबडा दोरा बांधलेला. बाकीच्यांत मिसळू नये म्हणून.

"बघ," ते म्हणाले. त्यांना आनंदच झाला होता. "तुला काच पाहिजे होती ना? सरकारनी सोताहून सांगितलं. हा खास तुझा. वेगळा."

मी ग्लास हातात घेतला. उन्हाला धरला. चांगला होता. दोरा बोटाला लागत होता. ग्लास मी परत त्यांच्या पिशवीत ठेवला, फुटणार नाही असा. काचेचा काय दोष.

"पंत, बारांतला आणा."

"अरे, आता बारा कुठले? एक साहेबाच्याच हातून फुटला. अकरा राहिलेत."

"मंग अकरांतला आणा. सरकार पितात तो. आन माझ्यासंगं टेबलाशी बसून सरकारनी समद्यांसमोर सांगावं, ह्यानं पाणी घातलं नव्हतं. मंग सांगतो कोणती जिती आन कोणती मेलेली."

"तुला कळतंय का तू काय बोलतोस?"

"जरा उशिरा कळलं, पण कळतंय."

त्यांनी टॉवेल सोडला, आधीच सैल केलेलं बूच काढलं आणि बाटली माझ्या नाकाशी आणली. "निदान वास तरी घे रे. वासाला काय जातंय?"

वास आलाच. नाक काही माझ्या हुकमात नाही. तीच पेटी, तिचीच बहीण, जिती होती. आणखी दोन वर्षं टिकली असती. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगणार नाही. त्या तळघरातली शेवटची बाटली सिरका होईपर्यंत सांगणार नाही. पोरांनाही बजावून ठेवलंय, मी मेल्यावर कुणी विचारायला आलं तर बापानं काही शिकवलं नाही म्हणायचं. आता ह्या जिभेवर करवंटीतला थेंब पडणार नाही. दोरा बांधलेल्या काचेतलाही नाही.

"पंत, गाडी येतीय," मी म्हणालो.

तोंडाला पाणी सुटलं होतं. खोटं कशाला बोलू. ते मी रुळांत थुंकलो, आणि गाठ उचलली.